सीलबंद भोपळा

पोटाच्या शस्त्रक्रियेला चौदा दिवस झाले त्या सकाळी अण्णा नव्या वजनकाट्यावर चढले, आणि घरातल्या माणसांवरचा त्यांचा विश्वास उडाला. मुळात तो होता किती, हा प्रश्न वेगळा. एकोणतीस वर्षं वजनमापे निरीक्षक म्हणून नोकरी केलेल्या माणसाकडे विश्वास हा ऐवज फारसा शिल्लक राहत नाही. दुकानदाराने बसायला खुर्ची पुढे केली की काट्याच्या पारड्याखाली चुंबक आहे, आणि खुर्ची नाही केली की मापाचा तळ उचललेला आहे, एवढं त्यांना उंबऱ्यातूनच कळायचं. बहुतेक वेळा ते खरंही निघायचं, हीच तर पंचाईत.

काटा दाखवत होता एकशे तेवीस किलो. रुग्णालयाने घरी सोडताना दिलेला कागद अण्णांच्या हातात होता, आणि त्यावर शस्त्रक्रियेच्या सकाळचं वजन लिहिलेलं होतं. एकशे तेवीस किलो. मधल्या चौदा दिवसांत अण्णांच्या पोटात पाणी, गाळलेलं सूप आणि पातळ दूध याखेरीज काही गेलेलं नव्हतं, आणि तेसुद्धा चमच्याचमच्याने. जाणार तरी कुठे? सर्जनबाईंनी पोटाचा मोठा भाग काढूनच टाकला होता. जे उरलं होतं त्यात अर्धा कप चहा मावला तर नशीब, आणि एवढं करून एका ग्रॅमचा फरक नाही.

"उतरा आणि परत चढा," लेक म्हणाली. काटा तिनेच आदल्या संध्याकाळी आणला होता.

अण्णा उतरले आणि परत चढले. मग चष्मा काढून चढले. मग श्वास पूर्ण सोडून चढले.

"श्वासाला वजन नसतं, अण्णा."

"ते तू मला शिकवू नकोस," अण्णा काट्यावरूनच म्हणाले. "पाणी कुठंतरी मुरतंय."

शिलाई मशीनचा आवाज थांबला. वहिनी, म्हणजे अण्णांच्या पत्नी, घरीच शिवणकाम करायच्या आणि गळ्यातली टेप फक्त आंघोळीला उतरवायच्या. "मुरत कुठंही नाही," त्या म्हणाल्या. "वजन उतरलंय. तुमच्या पायजम्याची कंबर मी परवाच तीन बोटं आत घेतली. माझी टेप खोटं बोलत नाही."

अण्णांनी त्या टेपकडे निरखून पाहिलं. "हिच्यावर शिक्का कुठाय?"

"कसला शिक्का?"

"पडताळणीचा."

टेपवर शिक्का नव्हता. शिवणकामाच्या टेपवर तो कुणाच्याच नसतो, पण अण्णांनी उभ्या नोकरीत बिनशिक्क्याच्या मापावर भरवसा ठेवला नव्हता आणि आता बायकोपासून सुरुवात करण्याचं त्यांना काही कारण दिसेना. वहिनींनी पुन्हा मशीन सुरू केली. बत्तीस वर्षं त्या टेपवर अख्ख्या वस्तीचे कपडे बेतले गेले होते आणि एकही परत आला नव्हता, हे त्या बोलल्या नाहीत.

त्याच दिवशी अण्णांचा मऊ आहार सुरू व्हायचा होता. रुग्णालयाने त्याचं एक पत्रक दिलं होतं आणि अण्णांनी ते खात्याच्या परिपत्रकासारखं तोंडपाठ केलं होतं. कुस्करलेला बटाटा, उकडून घोटलेला भोपळा, मऊ अंडं, दही, केळं. एका वेळी चार चमचे. प्रत्येक घास तीस वेळा चावायचा. एक वाटी संपवायला वीस मिनिटं तरी लागली पाहिजेत. जेवताना पाणी नाही. आणि खाली ठळक अक्षरांत: लोणी, साय, साखर पूर्ण वर्ज्य. आता अण्णांचा अनुभव असा, की दुकानात जी गोष्ट ठळक अक्षरांत 'येथे होत नाही' म्हणून लिहिलेली असते, ती मागच्या खोलीत हमखास होत असते. त्यामुळे ती ओळ वाचून त्यांच्या मनात नको ते येऊन गेलं होतं.

पहिली वाटी भोपळ्याची होती. अण्णांनी लेकीच्या लहानपणीच्या चमच्याने पहिला घास घेतला, डोळे मिटून तीस वेळा चावला, आणि डोळे उघडले तेव्हा ते बारीक झालेले होते.

"भोपळा इतका चांगला कसा लागतो?"

"भूक लागली की लागतो," वहिनी म्हणाल्या.

"मला भूक लागत नाही. या ऑपरेशननंतर सुरुवातीला भूक लागत नाही असं पत्रकात लिहिलंय."

"मग मी शिजवलाय म्हणून लागत असेल."

"तेच विचारतोय. काय घातलंस?"

"मीठ."

अण्णांनी चमचा उजेडाकडे धरला. भोपळ्यावर चकाकी होती. ओल्या भोपळ्यावर ती असतेच, पण चौदा दिवस सूप पिऊन काढलेल्या संशयी माणसाला कोण सांगणार? त्यांना एकदम सगळं लख्ख दिसलं. लोणी. आणि हेतूही तयार होता. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी वहिनी म्हणाल्या होत्या, "म्हणजे माझ्या हातचं पोटभर जेवण आता कायमचं बंद." अण्णांना तेव्हा ते प्रेमाचं वाटलं होतं. आता ते कबुलीजबाबाच्या जवळ जाणारं वाटायला लागलं.

अशी गोष्ट घरात ठेवायची असते. पण अण्णांना जिन्यात विचारणाऱ्यांची कमी नव्हती, आणि विचारलं की ते सांगायचे. समोरच्या काकू तर ऐकून सुखावल्याच. त्यांच्या नात्यातल्या एकाचं म्हणे असंच पोट लहान केलं होतं आणि ते सहा महिन्यांत परत होतं तेवढं झालं. "आणि वजन काय हो, काही माणसांचं हवेनंसुद्धा वाढतं," असं सांगून त्यांनी अण्णांना खिडक्या लावून झोपण्याचा सल्ला दिला. खालच्या मजल्यावरचे हेडमास्तर निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली होती, तरी बोलताना त्यांचं बोट फळ्याच्या दिशेनेच जायचं. ते म्हणाले, "अण्णा, माणसावर आळ नंतर घ्यावा. आधी साधन तपासावं. तुमचा नवा काटा बरोबर आहे कशावरून?"

हा प्रश्न आपल्याला सुचू नये आणि एका भूगोलाच्या मास्तरला सुचावा, हे अण्णांना लागलं. ते रजेवर होते, पण फोन थोडाच रजेवर होता. त्यांनी ऑफिसात हेडक्लार्कना फोन लावला आणि खात्याची मानक वजनं घरी पाठवायला सांगितली. वीस किलोचे सहा ठोकळे आणि लहान वजनांची पेटी.

"पाठवतो साहेब," हेडक्लार्क म्हणाले. "कुणाच्या तक्रारीवरून?"

"माझ्या."

"आणि तपासणी अधिकारी?"

"मीच."

फोनवर बराच वेळ कागदांची सळसळ झाली. "तक्रारदार आणि अधिकारी एकच असून चालत नाही, साहेब. मागच्या वर्षी तुम्हीच एक प्रकरण त्याच्यावरून परत पाठवलंय. तक्रारदार वहिनींना करा."

म्हणजे आपल्या घरातल्या वजनकाट्याबद्दल आपल्याला संशय असल्याचा अर्ज वहिनींच्या नावाने गेला. सही मागायला अण्णा मशीनपाशी गेले तेव्हा वहिनींनी तो पूर्ण वाचला. "काटा चुकीचा निघाला की हे थांबेल ना?" त्यांनी विचारलं. अण्णा म्हणाले, थांबेल. त्यांनी सही केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी खात्याची गाडी दारात लागली. अण्णांना दोन किलोंच्या वर काही उचलायची बंदी होती, म्हणून ते जिन्यात उभे राहून नुसते हातवारे करत होते. दोन हमाल एकेक ठोकळा वर आणत होते, आणि दर मजल्यावरची दारं किलकिली होत होती. आजवर अण्णा दुसऱ्यांच्या दुकानात शिरले की बघ्यांची अशी गर्दी व्हायची. आपल्याच जिन्यात ती झालेली पाहून त्यांना कसंसंच झालं, पण मागे फिरणं त्यांच्या रक्तात नव्हतं.

काट्यावर फळी ठेवली, तिचं वजन वजा केलं आणि ठोकळे चढवले. एकशे वीस ठेवले, एकशे वीस दाखवले. वर लहान तीन ठेवले, एकशे तेवीस दाखवले. फरक पडला तो फार तर पन्नास ग्रॅमचा, आणि तो नियमात बसत होता. पंच म्हणून हेडमास्तर आणि काकू बसल्या होत्या. अण्णांनी पंचनामा लिहिला, हेडमास्तरांनी त्यात लाल पेनने दोन स्वल्पविराम घातले, आणि शेवटची ओळ मोठ्याने वाचली गेली: "सबब, सदर काटा निर्दोष आढळून आला."

मग खोलीतले सगळे वहिनींकडे बघायला लागले. वहिनींच्या ओठांत दोन टाचण्या होत्या. त्यांनी त्यातली एक काढून हातातल्या कापडाला लावली.

"माया असते हो बायकांची," काकू समजुतीने म्हणाल्या. "हात सैल सुटतो." त्यांना हा बचाव वाटत होता.

हेडमास्तरांनी खाकरून एक शंका काढली. "आणि त्या रुग्णालयाचा काटा?"

अण्णा त्या दिवसात पहिल्यांदाच हसले. "त्याच्यावर शिक्का आहे, मास्तर. चालू वर्षाचा. तो बघितल्याशिवाय मी त्याच्यावर पाय ठेवला असता का?" तो विषय तिथेच मिटला.

आता गुन्हा झालेला आहे, साधन निर्दोष आहे आणि संशयित घरातच आहे, अशा वेळी खात्याचा माणूस काय करतो? तो सील ठोकतो. अण्णांनी ऑफिसच्या बॅगेतून तार, शिशाच्या गोळ्या आणि त्यांच्या क्रमांकाचा ठसा असलेली पक्कड काढली. नवी पद्धत अशी ठरली: भाजी अण्णांच्या डोळ्यांसमोर चिरायची, त्यांच्या डोळ्यांसमोर शिजवायची, घोटायची, आणि झाकणाच्या आठ लहान वाट्यांत भरायची. मग अण्णा प्रत्येक वाटी फडक्यात बांधणार, गाठीवर तार ओवणार, गोळी दाबणार. गोळीवर आकडा उमटायचा, पाचशे बारा. मग वाट्या फ्रिजमध्ये, आणि फ्रिजवर एक वही. कोणती वाटी, किती वाजता उघडली, कुणाच्या समक्ष.

"अण्णा, तो भोपळा आहे," लेक म्हणाली. "पेट्रोलपंप नाही."

"पंपवालेसुद्धा आधी असंच म्हणतात."

 वहिनी सांगितलं तेवढं करत राहिल्या. अण्णा स्टूल टाकून ओट्यापाशी बसायचे, आणि त्या पातेल्यात चमचा घालण्याआधी तो दोन्ही बाजूंनी त्यांना दाखवायच्या. पूर्वी त्या स्वयंपाक करताना गुणगुणायच्या, ते मात्र बंद झालं. हे लेकीच्या लक्षात आलं. अण्णांच्याही आलं, पण त्यांनी ते वेगळ्या सदरात घातलं.

पद्धत कागदावर बिनतोड होती. अडचण एवढीच, की फ्रिजमधली वाटी सीलसकट गरम पाण्यात ठेवून काढली, तरी सील तोडायला दहा मिनिटं लागायची, आणि तोपर्यंत बटाटा थंड होऊन त्याची खळ व्हायची. चौथ्या दिवशी तर एका वाटीचं सील तुटलेलं सापडलं. अण्णांनी घरातल्या दोघींना समोर उभं करून चौकशी सुरू केली, तेवढ्यात समोरच्या काकू आपण होऊन हजर झाल्या. विरजणाला दही न्यायला त्या सकाळी आल्या होत्या आणि जाता जाता वाटी उघडून चव बघून गेल्या होत्या.

"लोणीबिणी काही नाही हो त्यात," त्यांनी साक्ष दिली. "अगदी अळणी. मीसुद्धा खाल्लं नसतं."

"तुम्ही पुरावा नष्ट केलात," अण्णा म्हणाले.

"एक चमचा तर खाल्ला."

एवढी सरळ साक्ष मिळूनही अण्णांचं समाधान झालं नाही. काकू वहिनींकडून ब्लाउज शिवून घेतात, म्हणजे साक्षीदार आरोपीच्या संबंधातला, असं त्यांनी वहीत लिहून ठेवलं. काकूंना हे कळलं तेव्हा त्यांनी दार लावून घेतलं ते आठवडाभर उघडलं नाही.

आणि मग ती अंड्याची दुपार आली. सील काही केल्या तुटेना. तार वाकली, पक्कड निसटली, बोटाला लागलं. पत्रकात काहीही लिहिलेलं असो, अण्णांना त्या दिवशी सडकून भूक लागली होती. वाटी एकदाची उघडली आणि त्यांनी तीस वेळा चावायच्या जागी तीन वेळा चावलं. घास छातीत अडकला. ना खाली जाईना, ना वर येईना. अण्णा भिंतीला दोन्ही हात लावून उभे राहिले, डोळ्यांतून पाणी, तोंडाला लाळ, आणि अंगाला दरदरून घाम. वहिनी मशीनवरून तशाच धावत आल्या. त्यांनी पाठीवर हात फिरवायला सुरुवात केली, हळूहळू, वरून खाली. "घाबरू नका. उतरेल. नाकाने श्वास घ्या." पंधरा मिनिटं त्या तशा उभ्या होत्या. घास उतरला.

अण्णांनी तोंड पुसलं, नाक वर केलं आणि म्हणाले, "तुझ्या हाताला लोण्याचा वास येतोय."

वहिनींनी हात मागे घेतला. "मशीनचं तेल आहे ते," त्या म्हणाल्या. त्यांनी ती बोटं पदराला पुसली. मग अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "सोमवारी तुमची तपासणी आहे. मी येते. तिथून परस्पर बहिणीकडे जाते. तीनची गाडी आहे."

"किती दिवसांसाठी?"

"ते तुमच्या काट्याला विचारा. ज्या घरात मला चोर समजतात तिथं मी पुन्हा चमचा हातात घ्यायची नाही."

अण्णा चरकले. बत्तीस वर्षांत वहिनी रागावल्या नव्हत्या असं नाही. पण रागावल्या की त्या भांडी आपटायच्या, आणि आज त्यांनी अंड्याची वाटी उचलून, धुऊन, पुसून जागेवर ठेवली.  वहिनींनी जावं असं त्यांना वाटत नव्हतं, हे अगदी खरं. पण संशयाची सवय अशी वाईट, की त्याच वेळी मनातला निरीक्षक म्हणत होता, तपासणीच्या दिवशीच गावाला जाणाऱ्याचं कपाट आधी उघडावं.

सोमवारी सकाळी घरच्या काट्याने एकशे साडेएकवीस दाखवले. एकवीस दिवसांत दीड किलो. पत्रकाप्रमाणे एव्हाना आठ-दहा उतरायला हवे होते. अण्णांनी काटा कापडी पिशवीत घालून पिशवीला सील केलं आणि पंचनाम्याची प्रत घेतली. काटा दोन किलोंच्या आतला असल्यामुळे तो त्यांनी स्वतःच काखेत मारला. पंच म्हणून हेडमास्तर इस्त्रीचा सदरा घालून टॅक्सीत पुढे बसले. मागे अण्णा, वहिनी, आणि दोघांच्या मध्ये वहिनींची कपड्यांची बॅग.  हेडमास्तरांनी एकदा रस्त्याच्या उतारावरून काही सांगायला सुरुवात केली आणि आरशात मागे बघून ती आवरती घेतली.

रुग्णालयात तिसऱ्या मजल्यावर तो उभ्या खांबाचा मोठा काटा होता. अण्णा चढले. सर्जनबाईंनी आकडा वाचला आणि त्यांचा चेहरा खुलला. "एकशे साडेतेरा. साडेनऊ किलो उतरले. उत्तम आहे, अण्णा. घरच्यांनी फार छान सांभाळलंय."

वहिनी खिडकीबाहेर बघत होत्या. त्यांनी मान वळवली नाही.

"अहो, पण सकाळी तर एकशे साडेएकवीस होते," हेडमास्तर म्हणाले. "टॅक्सीत आठ किलो कसे उतरतील?"

अण्णांनी पिशवीचं सील तोडलं, घरचा काटा फरशीवर ठेवला आणि त्यावर उभे राहिले. एकशे साडेएकवीस. खांबाच्या काट्यावर चढले. एकशे साडेतेरा. पुन्हा खाली, पुन्हा वर. बाकावरचे इतर पेशंट आपले आजार विसरून बघायला लागले.

"घरचे काटे असेच असतात," सर्जनबाई म्हणाल्या.

"हा मानक वजनांवर तपासलेला आहे. दोन पंचांच्या सह्या आहेत."

"आणि आमच्या काट्यावर सरकारी शिक्का आहे."

"कुणाचा?" अण्णांनी विचारलं. तीन आठवड्यांपूर्वी त्यांनी शिक्क्यावरचं वर्ष तेवढं बघितलं होतं. वर्ष चालू आहे म्हटल्यावर पुढे बघायची गरज त्यांना वाटली नव्हती. आता ते खांबाला धरून गुडघ्यावर बसले, चष्मा कपाळावर ढकलला आणि शिशाच्या त्या चकतीला नाक लावलं. मग ते तसेच बसून राहिले. हेडमास्तरांनी दोनदा विचारलं, "कोणता क्रमांक आहे?" अण्णांनी नुसतं चकतीवर बोट ठेवलं.

शेवटी वहिनी पुढे आल्या आणि वाकल्या. त्यांना चष्मा लागला नाही. तो आकडा त्यांनी गेला आठवडाभर दिवसातून आठ वेळा पाहिला होता.

"पाचशे बारा," त्या म्हणाल्या.

दहा महिन्यांपूर्वी अण्णा या रुग्णालयात वार्षिक पडताळणीला आले होते. त्या दिवशी लिफ्ट बंद होती. अण्णा तळमजल्यावरच्या सोफ्यावर बसले. औषधांचे बारीक काटे आणि तान्ह्या मुलांचा काटा त्यांच्यासमोर आणून ठेवले गेले आणि त्यांनी ते नियमाप्रमाणे तपासले. खांबाचा काटा खाली येण्यासारखा नव्हता. अण्णांनी जिन्याकडे पाहिलं. तीन मजले, आणि त्या अंगाने पहिल्या मजल्यावरच धाप लागायची. कुणीतरी म्हणालं, वरचा काटा एकदम व्यवस्थित आहे. अण्णांनी उभ्या नोकरीत एकदाच एका माणसाचं बोलणं खरं मानलं, ते त्या दिवशी. चकतीवर ठसा त्यांनी खाली सोफ्यावर बसूनच मारला आणि ती वर बसवायला पाठवून दिली. घरी जाऊन जेवले. ही गोष्ट पुढे कधी त्यांच्या डोक्यातही आली नाही.

म्हणजे शस्त्रक्रियेच्या सकाळी अण्णा एकशे एकतीस किलोंचे होते. आठ किलो या काट्याने खाल्ले होते. वाटीवाटीने उतरत होतं ते वजन खरंच उतरत होतं, पायजम्याची तीन बोटं खरी होती आणि टेपही खरी होती.

सर्जनबाईंचा चेहरा मात्र उतरला. "या मजल्यावर औषधांचे डोस आम्ही याच वजनावरून ठरवतो," त्या हळू आवाजात म्हणाल्या आणि त्यांनी नर्सला काटा ताबडतोब बंद करून गेल्या दहा महिन्यांची यादी काढायला पाठवलं.

हेडमास्तर चांगला माणूस. त्यांनी अण्णांना हात देऊन उठवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "वर्षभरात एखादी स्प्रिंग ढिली पडलीच असणार. पडताळणीनंतर बिघडला काटा. त्यात तुमचा काय दोष?"

वाट चांगली होती. सर्जनबाईंनीही मान डोलावली. अण्णांनी नुसतं "हो" म्हटलं असतं तर झालं असतं. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली, एकोणतीस वर्षांत एक ठपका नाही, आणि त्या जिन्याबद्दल त्यांच्याखेरीज कुणाला काही आठवण्याचं कारण नाही. अण्णांनी वहिनींकडे पाहिलं. बॅगेचा पट्टा त्यांनी खांद्याला लावलेला होता.

"मी वर आलोच नव्हतो," अण्णा म्हणाले. ते सर्जनबाईंना ऐकू गेलं, हेडमास्तरांना गेलं, बाकावरच्या लोकांना गेलं, पण ते बोलत होते वहिनींशी. "लिफ्ट बंद होती. मला जिना चढवेना. मी खाली बसून शिक्का दिला. हा काटा मी कधी बघितलाच नाही. मी तुला चोर म्हणालो, आणि या सगळ्यात चोर असेल तर तो मीच. चुकलो मी. फार चुकलो."

 अण्णांनी कागद मागून घेतला आणि त्याच बाकावर बसून अहवाल लिहिला. काटा आठ किलो कमी दाखवतो. पडताळणी प्रत्यक्ष झालेली नाही. कारण, तपासणी अधिकाऱ्याची हलगर्जी. अधिकाऱ्याचं नाव, क्रमांक, सही. पंच म्हणून हेडमास्तरांनी सही केली. या वेळी त्यांनी एकही स्वल्पविराम घातला नाही, आणि मग ते चहा घेतो म्हणून खाली निघून गेले. खात्याकडून याचं पुढे काय होणार ते अण्णांना चांगलं ठाऊक होतं. अशी चौकशी त्यांनी इतरांची केलेली होती.

दोन वाजले. वहिनींनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, अण्णांच्या शेजारी बसल्या आणि बॅगेची चेन उघडली. कपड्यांच्या वर एक झाकणाची वाटी होती. ना फडकं, ना तार, ना गोळी. सोबत लेकीचा लहानपणीचा चमचा.

"तुमची जेवायची वेळ झाली," त्या म्हणाल्या.

अण्णांनी वाटी उघडली. बटाटा होता. त्यावर चकाकी होती.

"लोणी घातलंय," वहिनी समोर बघत म्हणाल्या. "आज घातलंय. इतके दिवस ऐकून घेतेय, म्हटलं एकदा घालून तरी बघावं."

खरंच घातलं होतं की नव्हतं, देव जाणे. अण्णांनी चमचा उजेडाकडे धरला नाही. त्यांनी घास तोंडात घातला आणि चावायला लागले. वहिनी मनात मोजत होत्या, त्यांचे ओठ हलत होते. तीस झाले. अण्णा चावतच राहिले. पन्नासच्या पुढे वहिनींनी मोजायचं सोडून दिलं.

"पत्रकात वीस मिनिटं लिहिलंय," त्या म्हणाल्या.

"निदान वीस," अण्णा तोंडातल्या तोंडात म्हणाले, आणि पुढचा घास त्यांनी पहिल्याच्या निम्मा घेतला.

वहिनींनी त्यांच्याकडे पाहिलं, मग घड्याळाकडे, मग पुन्हा त्यांच्याकडे. घाई करा असं त्या म्हणाल्या नाहीत. तीनची गाडी सुटली तेव्हा वाटीत दोन चमचे बटाटा शिल्लक होता.